गोंदाखाली जिवंत मुळं

"ताई, चिकटवू का?"

मावसबहिणीने फोनवर एवढंच विचारलं. ती कोल्हापूरला शाळेत शिकवते. दोन वर्षांपूर्वी तिच्या कानामागे रुपयाच्या नाण्याएवढी जागा अचानक गुळगुळीत झाली. मावशीने बघताक्षणी ओळखलं, "चाई पडलीय." मग लसूण चोळून झाला, कांद्याचा रस झाला. केसांना किडा लागलाय, असं शेजारणीने सांगितलं. एका चट्ट्याचे चार झाले, चार एकमेकांत मिसळले आणि यंदा शाळा सुरू झाली तेव्हा निम्मं डोकं उघडं पडलं होतं. पुस्तकात बघायला मान खाली घातली की पहिल्या बाकावरच्या मुलांची नजर कुठे जाते ते कळतं, असं ती म्हणाली. शहरातल्या एका सलूनमध्ये तिला हेअर पॅच दाखवला होता. 'बाँडिंगने बसवून देतो मॅडम, झोपा, डोक्यावरून आंघोळ करा, महिनाभर काढायला नको. कुणाला कळणारही नाही.'

मी लगेच हो म्हणाले नाही आणि नकोही म्हणाले नाही. वडिलांकडून आलेल्या टकलावर पॅच बसवायचा असेल, तर प्रश्न बहुतेक पैशाचा आणि आवडीचा असतो. चाईचं तसं नाही. या आजारात टक्कल एका जागी थांबत नाही आणि गेलेला केस कायमचा गेलेला नसतो. चिकटवायचं की नाही, हे या दोन गोष्टींवर ठरवायला हवं.

चाईचं वैद्यकीय नाव ॲलोपेशिया एरियाटा. ग्रीक भाषेत 'ॲलोपेक्स' म्हणजे कोल्हा. खरूज झालेल्या कोल्ह्याचे केस झडतात, त्यावरून हा शब्द आला. शंभरातल्या साधारण दोन माणसांना आयुष्यात कधी ना कधी चाई पडते. म्हणजे पन्नास-साठ मुलांच्या वर्गातल्या एकाच्या वाट्याला ती येऊ शकते. किडा-बिडा काही नसतो. केस पाडणारी असते ती आपलीच रोगप्रतिकार यंत्रणा.

शरीरातल्या काही जागांमध्ये या यंत्रणेच्या पहारेकऱ्यांनी फार डोकावू नये अशी सोय असते. डोळ्याचा आतला भाग तसा, वाढत्या केसाचं मूळही तसंच. मुळाच्या पेशी आपली ओळखपत्रं जवळजवळ दाखवतच नाहीत, म्हणून पहारेकरी त्यांना ओलांडून पुढे जातात. चाईत हे संरक्षण कोसळतं. मूळ उघडं पडतं आणि टी-पेशी त्याच्याभोवती गर्दी करतात. सूक्ष्मदर्शकाखाली ही गर्दी पाहणाऱ्या डॉक्टरांनी तिला मधमाश्यांच्या मोहोळाची उपमा दिली आहे. वाढीच्या अवस्थेतला केस या माऱ्याने मध्येच खुंटतो, मुळाशी बारीक होत जातो आणि तुटतो. चट्ट्याच्या कडेला असे आखूड केस दिसतात, वर जाड आणि खाली निमुळते, अगदी उद्गारचिन्हासारखे. डॉक्टरही त्यांना उद्गारचिन्ह केस असंच म्हणतात. ते दिसले की आजार अजून चालू आहे असं समजायचं.

पण हे मोहोळ बसतं केसाच्या तळाशी. नवा केस घडवणाऱ्या मूळपेशी त्याच्या बऱ्याच वर, कातडीत एका फुगवट्यात राहतात आणि त्यांना सहसा धक्का लागत नाही. म्हणून चाईत व्रण राहत नाही, त्वचा गुळगुळीत राहते आणि वर्षांनंतरही केस परत येऊ शकतो. चट्टे थोडेच असतील तर अनेकांचे केस वर्षभरात आपणहून येतात. संपूर्ण डोकं किंवा अंगावरचे सगळे केस गेले असतील, तर ही शक्यता बरीच कमी होते, पण मुळं तिथेही असतात. परतणारा केस बहुतेकदा आधी पांढरा आणि लवेसारखा मऊ येतो, कारण हल्ल्याचा रोख रंगद्रव्य असलेल्या केसांवर जास्त असतो. रंग नंतर भरतो.

आता पॅच कसा बसवतात ते बघा. डोक्यावर पातळ प्लास्टिक ताणून मोकळ्या जागेचा साचा घेतात. त्या मापाचा तळ लेसचा, जाळीच्या कापडाचा किंवा पॉलियुरेथेनच्या पातळ पापुद्र्याचा असतो. त्यात एकेक केस गाठ मारून किंवा टोचून ओवलेला असतो. मग डोक्यावरची ती जागा वस्तऱ्याने साफ करतात, तिथे गोंद किंवा दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावतात आणि पॅच दाबून बसवतात. तीन-चार आठवड्यांनी सर्व्हिसिंगला जायचं. द्रावकाने गोंद सोडवायचा, डोकं आणि तळ धुवायचा, परत वस्तरा, परत गोंद.

वस्तऱ्याने मुळाला काही होत नाही. पण चाईच्या माणसाच्या डोक्यावर महिन्याभरात जी पांढरी लव उगवलेली असते, ती कुणाच्याही नजरेस न पडता निघून जाते. मला या साऱ्या व्यवहारातली सर्वांत जास्त खटकणारी गोष्ट ही आहे. औषध लागू पडतंय का, हे त्या लवेवरूनच कळायचं असतं. शिवाय चट्टा पॅचच्या कडेबाहेर सरकला तर पुढच्या वेळी साचा मोठा घ्यावा लागतो आणि त्यासाठी बाजूचे धडधाकट केसही काढले जातात.

दुसरा विषय गोंदाचा. यातले बरेचसे गोंद ॲक्रेलिक जातीचे, म्हणजे जखमेवरच्या चिकटपट्टीचे भाऊबंद. त्यांच्या लांबलचक साखळ्या दाबल्या की त्वचेच्या बारीक रेघांमध्ये शिरतात आणि धरून राहतात. त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो. चिकटवलेलं काढताना त्या थराचा पापुद्रा सोबत येतो. त्वचेच्या अभ्यासकांना वरचा थर थोडा थोडा काढून बघायचा असेल, तर ते मुद्दाम चिकटपट्टी लावून ओढतात. एकदा ओढलं तर त्वचा भरून काढते. दर महिन्याला ओढलं, त्यात मुंबई-कोकणातला घाम आणि तळाखाली दमट अंधार असला, तर खाज, कोंडा आणि केसांच्या मुळाशी पुटकुळ्या येणं अगदी नेहमीचं आहे.

ॲलर्जी याहून गंभीर. ॲक्रेलिक गोंदात साखळीत न जोडलेले काही सुटे रेणू उरतात. ते त्वचेत उतरले आणि टी-पेशींनी त्यांना एकदा शत्रू म्हणून नोंदवलं, की ती नोंद बहुधा आयुष्यभर पुसली जात नाही. जवळचे रेणू जेल नेलपॉलिशमध्ये असतात, दातांच्या सिमेंटमध्ये असतात, मधुमेहींच्या दंडावरच्या साखर मोजणाऱ्या सेन्सरच्या गोंदातही सापडले आहेत. डोक्यावरच्या हौसेतून जडलेली ॲलर्जी उद्या दंतवैद्याच्या खुर्चीत त्रास देऊ शकते. ही ॲलर्जी लगेच उमटत नाही. दोन ते चार दिवस घेते. सलूनमध्ये हाताला थेंब लावून दहा मिनिटं वाट पाहतात, त्या परीक्षेला म्हणूनच काही अर्थ नाही.

इथे एक विलक्षण गोष्ट सांगायला हवी. चाईवरच्या एका जुन्या उपचारात त्वचारोगतज्ज्ञ डीपीसीपी नावाचं रसायन लावून डोक्यावर मुद्दामच सौम्य ॲलर्जी निर्माण करतात. टी-पेशींची गर्दी तिकडे वळली की मुळं मोकळी होतात, अशी त्यामागची कल्पना. पण तिथे मात्रा आठवड्याआठवड्याला मोजून ठरवलेली असते. गोंदाने आलेली खाज म्हणजे उपचार नव्हे.

पॅचमधला केस कुठून येतो तेही गिऱ्हाइकाला ठाऊक असावं. जगभरच्या टोपांमध्ये भारतीय केसांचा मोठा वाटा आहे. तिरुमलाच्या कल्याणकट्ट्यात भाविक वाहतात त्या केसांचा देवस्थान लिलाव करतं. आपल्या गल्लीतून भांड्यांच्या बदल्यात गुंतवळ गोळा करणाऱ्या बायकांचा मालही शेवटी याच धंद्यात जातो. दोन्हींत फरक आहे. केसावर कौलांसारखे खवले असतात आणि त्यांचं तोंड टोकाकडे असतं. डोक्यावरून एकत्र कापलेल्या केसांत ती दिशा एकच राहते. गुंतवळीत मुळं-टोकं उलटसुलट मिसळतात आणि खवले एकमेकांत अडकून गुंता होतो. मग आम्लाने खवले काढून वर सिलिकॉनचा हात देतात. तो केस दुकानात रेशमासारखा लागतो, पण काही धुण्यांनंतर सिलिकॉन उतरतं आणि केस राठ होतो. 'एका दिशेचा केस आहे का?' हा प्रश्न दुकानात जरूर विचारावा.

इतकं ऐकून झाल्यावर बहीण म्हणाली, "म्हणजे टक्कल घेऊन हिंडू?" तिच्या आवाजात राग होता आणि तो रास्त होता. चाई असणाऱ्यांमध्ये चिंता आणि नैराश्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळतं. डोकं झाकावंसं वाटणं हा काही उथळपणा नाही. अमेरिकी काँग्रेसच्या सदस्य अयाना प्रेस्ली यांनी जानेवारी 2020 मध्ये कॅमेऱ्यासमोर टोप उतरवून आपला आजार जाहीर केला, तेव्हा जगभर कौतुक झालं. पण त्याच्या महिनाभर आधी, ट्रम्प यांच्यावरील महाभियोगाच्या मतदानाच्या आदल्या रात्री त्यांचे उरलेसुरले केस गेले होते आणि दुसऱ्या दिवशी त्या टोप घालूनच सभागृहात गेल्या होत्या. मला ते दोन्ही दिवस सारखेच धैर्याचे वाटतात. ब्रिटनमधल्या एका सर्वेक्षणात चाई असलेल्यांनी टोपाबद्दल दोन गोष्टी सांगितल्या होत्या. टोपाने बाहेर पडायचा धीर येतो. आणि तो सरकेल, कुणाला कळेल ही भीतीही सोबत येते. बाँडिंगचं आकर्षण नेमकं या भीतीत आहे. वाऱ्याने, गाडीवर, मुलांबरोबर खेळताना ते हलत नाही. हा फायदा खरा आहे, तो नाकारून सल्ला देणं बरोबर नाही.

म्हणून माझं मत असं. डोकं जवळजवळ पूर्ण रिकामं आहे, वर्ष-दोन वर्षांत काही हललेलं नाही, उपचार करून झाले किंवा विचारपूर्वक थांबवले आहेत आणि त्वचा निरोगी आहे, अशा प्रौढ माणसाने गोंदाची नीट परीक्षा करून बाँडिंग करायला माझी हरकत नाही. तिथेही सगळ्या डोक्यावर गोंद फासण्यापेक्षा फक्त कडेला टेप लावलेली बरी. चट्टे सरकत असतील, नवे पडत असतील, उपचार चालू असतील, तर चिकटवू नये. रात्री काढता येईल असा टोप घ्यावा. त्यातही क्लिपांचा पॅच जपून, कारण क्लिप ज्या उरलेल्या केसांना धरते त्यांनाच रोज ओढते आणि ओढून ओढून पडलेलं टक्कल कायमचं होऊ शकतं. लहान मुलांना तर गोंद नकोच.

आणि या सगळ्याआधी निदान. नायट्यासारख्या बुरशीनेही केसांचे चट्टे जातात. व्रण पाडणाऱ्या टकलात मूळपेशीच मरतात, तिथे उशीर म्हणजे कायमचं नुकसान. पॅचखाली हे महिनोन्‌महिने लपून राहतं.

उपचार आता पूर्वीसारखे तुटपुंजे राहिलेले नाहीत. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठातल्या अँजेला क्रिस्तियानो यांना स्वतःला चाई आहे. त्यांच्या गटाने 2010 मध्ये या आजाराशी निगडित जनुकं दाखवली आणि 2014 मध्ये टी-पेशींचा हा हल्ला जॅक नावाच्या विकरांमार्फत चालतो हे मांडलं. ही विकरं रोखणारं बॅरिसिटिनिब जून 2022 मध्ये अमेरिकेत तीव्र चाईसाठी मंजूर झालं. चाचण्यांत निम्मं किंवा त्याहून जास्त डोकं रिकामं असलेले प्रौढ घेतले होते. मोठ्या मात्रेवर 36 आठवड्यांत त्यांतल्या एक तृतीयांशाहून थोड्या जास्त लोकांच्या डोक्याचा 80 टक्के किंवा अधिक भाग केसांनी भरला. बाकीच्यांना तेवढं यश आलं नाही, हेही लक्षात ठेवायला हवं. औषध थांबवलं की अनेकांचे केस पुन्हा गळतात, आणि सुरू करण्याआधी क्षयाची तपासणी करावीच लागते, कारण सुप्त क्षय जागा होण्याचा धोका असतो. कमी चट्ट्यांसाठी त्वचेत स्टिरॉइडची इंजेक्शनं अजूनही उपयोगी पडतात. ती चार ते सहा आठवड्यांनी देतात. त्यासाठी डोकं उघडं असावं लागतं.

बहिणीच्या डॉक्टरांनी भिंगाखाली चट्ट्यांच्या कडा पाहिल्या. तिथे उद्गारचिन्हं होती. आजार चालू होता. तिने पॅचचा बेत बाजूला ठेवला, मऊ सुती टोपीवर बसणारा टोप घेतला आणि घरी आल्यावर तो काढून ठेवायला लागली. पहिले काही आठवडे तिला वर्गात सारखा हात डोक्याकडे न्यावासा वाटायचा. सहा महिने झाले. मानेजवळ बोटभर पांढरी लव आली आहे, माथा अजून रिकामा आहे. दोन वर्षांनी माथा तसाच राहिला तर चिकटवीन, असं ती म्हणते, आणि तेव्हा मी तिच्यासोबत जाईन.

तुमच्या घरात कुणी हा विचार करत असेल, तर सलूनची वेळ घेण्याआधी त्वचारोगतज्ज्ञाची घ्या. बाँडिंग करायचंच ठरलं, तर जो गोंद वापरणार आहेत त्याचं नाव लिहून घ्या आणि त्याची पॅच टेस्ट त्वचारोगतज्ज्ञाकडून करून घ्या. पाठीवर लावलेली पट्टी दोन दिवसांनी काढतात आणि चौथ्या दिवशी त्वचा पुन्हा बघतात. तोवर डोक्याला गोंद लावू देऊ नका. आणि दर सर्व्हिसिंगला, पॅच निघाल्यावर आणि वस्तरा लागण्याआधी, आरशासमोर उजेडात दोन मिनिटं मागून घ्या. पांढरी लव दिसली तर फोटो काढा आणि डॉक्टरांना दाखवा.