कुरव जवळ कसा आणायचा?

हिवाळ्यात रेवदंड्याच्या किनाऱ्यावर, कुंडलिका नदी समुद्राला मिळते त्या परिसरात, करड्या-पांढऱ्या पक्ष्यांचे थवे वाळूवर विसावलेले दिसतात. हे कुरव. त्यांपैकी तपकिरी डोक्याचा कुरव लडाख-तिबेटातल्या उंचावरील सरोवरांकाठी घरटी करतो आणि थंडीत आपल्याकडे येतो. शाळेच्या निसर्ग मंडळासाठी त्याचे छायाचित्र घ्यायचे ठरवले, की अडचण येते अंतराची. पुढे सरकावे तर सारा थवा उडतो आणि दूरवरून आलेल्या पक्ष्यांची विश्रांती मोडते. अशा वेळी दोन उपाय सुचवले जातात : टेलिकन्व्हर्टर घ्या, किंवा लहान संवेदकाचा कॅमेरा घ्या. दोन्हींना पैसे पडतात. त्यांतून नेमके काय मिळते, हे शाळेतल्या प्रकाशशास्त्रावरून समजू शकते.

दूरच्या वस्तूची प्रतिमा भिंगाच्या नाभीपाशीच पडते. म्हणून प्रतिमेची लांबी काढायला वस्तूच्या लांबीला नाभीय अंतराने गुणायचे आणि वस्तूच्या अंतराने भागायचे. कुरव सुमारे ४० सेंमी लांब, ४० मीटर दूर आणि भिंग ४०० मिमीचे असेल, तर प्रतिमा येते ४ मिमीची. पूर्ण आकाराचा संवेदक ३६ मिमी रुंद असतो. म्हणजे कुरव चौकटीचा जेमतेम नववा भाग व्यापतो.

टेलिकन्व्हर्टर हा भिंग आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसवायचा अंतर्वक्र परिणाम करणारा भिंगसंच असतो. एकत्र येणाऱ्या किरणांना तो थोडे फाकवतो, त्यामुळे प्रतिमा मोठी होते. दुर्बिणीतले बार्लो भिंग हेच काम करते. १.४ पटीच्या कन्व्हर्टरने आपला कुरव ५.६ मिमी होईल, २ पटीच्या कन्व्हर्टरने ८ मिमी. पण आत येणारा प्रकाश तेवढाच राहतो आणि तो अनुक्रमे दुप्पट व चौपट क्षेत्रफळावर पसरतो. मूळ भिंग एफ ५.६ चे असेल तर ते एफ ८ किंवा एफ ११ चे होते. जिथे सेकंदाचा १/१००० भाग पुरत होता, तिथे १/५०० किंवा १/२५० लागतो. उडत्या पक्ष्याचे पंख तेवढ्यात पुसट होतात. संवेदनशीलता वाढवून वेळ कमी करता येतो, पण मग चित्रात दाणे दिसू लागतात. शिवाय भिंगाचे दोष आणि तापलेल्या वाळूवरच्या हवेची थरथर, हेही कन्व्हर्टर मोठे करून दाखवतो.

आता कॅमेऱ्याकडे वळू. लहान संवेदकामुळे ‘४०० चे भिंग ६०० चे होते’ असे म्हणतात. खरे पाहता प्रतिमा ४ मिमीचीच राहते. फक्त खिडकी लहान होते. महत्त्व आहे ते त्या ४ मिमीत किती चित्रबिंदू बसतात याला. ३६ मिमीत ६००० बिंदू असतील तर कुरवाच्या वाट्याला सुमारे ६६७ येतात, २३.५ मिमीत तेवढेच बिंदू दाटले असतील तर सुमारे १०२०. तपशील वाढतो तो या दाटीमुळे. म्हणून कॅमेरा निवडताना संवेदकाची रुंदी आणि बिंदूंची संख्या दोन्ही पाहावीत. स्वयंचलित केंद्रीकरणही तपासावे : आरशाच्या अनेक कॅमेऱ्यांत ते एफ ८ च्या पुढे चालत नाही, बिनआरशाचे कॅमेरे पुष्कळदा पुढेही साथ देतात. कन्व्हर्टर घ्यायचाच तर आधी १.४ पटीचा, २ पटीचा उत्तम भिंगासाठी आणि भरपूर उजेडासाठी.

पण त्याआधी सूत्राकडे पुन्हा पाहा. अंतर ४० ऐवजी २० मीटर झाले, तर प्रतिमा ८ मिमीचीच होते, आणि तीही प्रकाश न गमावता! हे अंतर आपण चालून जाऊन नव्हे, तर भरतीकडून कमी करून घ्यायचे. भरती चढते तशी वाळूची पट्टी अरुंद होते आणि पक्षी किनाऱ्याकडे सरकतात. तिथीच्या आकड्याची पाऊणपट म्हणजे भरतीची साधारण वेळ, हा कोकणातला जुना आडाखा. दशमीला ती येते सकाळी साडेसातच्या सुमारास. रेवदंड्याचा किनारा पश्चिमेला आहे. तेव्हा सकाळचे ऊन आपल्या पाठीशी आणि पक्ष्यांच्या अंगावर असते. तासभर आधी जाऊन झाडाआड निश्चल बसावे.

वर्गात एक प्रयोग करा. अंधाऱ्या खोलीत विजेरीचा झोत भिंतीवर आधी अर्ध्या मीटरवरून आणि मग एक मीटरवरून पाडा. प्रकाशाचे वर्तुळ मोठे होते, पण फिके पडते. कन्व्हर्टरचा हिशेब विद्यार्थ्यांना तिथेच दिसेल.