सुगंधी तेलाची बाटली : रंग पाहा, झाकणही पाहा

लव्हेंडर, टी ट्री, गवती चहाचे तेल बाजारात बहुतेक वेळा तपकिरी बाटलीत मिळते. त्याला कारण आहे. तपकिरी काच अतिनील आणि निळा प्रकाश बऱ्याच अंशी अडवते. निळी बाटली दिसते देखणी. पण निळा प्रकाश तिच्यातून आत जातोच. पारदर्शक बाटली वापरायचीच असेल, तर बंद कपाटात ठेवावी.

प्रकाशाइतकीच हवाही तेल बिघडवते. संत्र्या-लिंबाच्या तेलातील लिमोनीनचे हवेमुळे ऑक्सिडीकरण होते. असे जुने तेल त्वचेला लावल्यास अॅलर्जी होऊ शकते. म्हणून मोठ्या बाटलीच्या तळाशी उरलेले तेल १० मिलीच्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवावे.

झाकणाकडे फारसे कुणी पाहत नाही. ड्रॉपरचे रबर शुद्ध तेलाच्या वाफेने मऊ, चिकट होते. साठवताना घट्ट फिरकीचे झाकणच हवे.

घरी केलेले गुलाबपाणी, कोरफडीचे जेल यांचे गणित वेगळे. त्यांत पाणी असते, त्यामुळे जंतू वाढतात. चांगली बाटलीही ते रोखू शकत नाही. बाटली उकळून आतून पूर्ण कोरडी करावी आणि प्रिझर्व्हेटिव्ह नसेल, तर पदार्थ फ्रिजमध्ये ठेवून काही दिवसांतच संपवावा.

खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली मात्र नकोच. ती आता बहुधा प्लॅस्टिकची असते. शिवाय मूल औषध समजून तोंडाला लावू शकते. निलगिरीचे थोडेसे तेल पोटात गेले, तरी लहान मुलांना झटके येऊ शकतात. बाटलीवर नाव आणि तारीख लिहून ती कुलपात ठेवावी.