डब्यातली खिरापत आणि नकाशावरची खूण

भुलाबाईच्या दिवसांत बुलढाणा जिल्ह्यातल्या घरांमध्ये खरी लगबग स्वयंपाकघरात असते, आणि तीही भरदुपारी. पोरी संध्याकाळी भुलाबाईची गाणी म्हणायला येणार, तेव्हा त्यांना वाटायची खिरापत त्याआधीच उरकायला हवी. तळणाचा वास गल्लीत गेला की खिरापत ओळखण्यातली गंमतच संपते. म्हणून मुरलेल्या काकू तळणाच्या वाटेला जातच नाहीत. काकडीच्या फोडी, गुळपापडी, फुटाण्यांत खोबऱ्याचे काप असं काहीतरी ठरवतात. वाजू नये म्हणून डबा गच्च भरायचा, वर फडकं कोंबायचं. पोरी आल्या की "काकू, डबा वाजवा नं!" म्हणून हटून बसतात आणि नुसत्या आवाजावरून मुरमुरे की फुटाणे ते सांगतात. घरातल्या मुलीला सकाळीच ताकीद मिळालेली असते, शाळेत कोणी कितीही विचारलं तरी बोलायचं नाही. मैत्रिणी तिला मधल्या सुट्टीत गाठतातच. सहसा ती फुटते.

भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर हे चालतं. मातीची भुलाबाई आणि शेजारी भुलोबा, म्हणजे पार्वती आणि शंकर. पोरींच्या हातात टिपऱ्या. एका घरची गाणी झाली की प्रश्न सुरू होतात: गोड का तिखट? भाजलेलं का ओलं? पहिलं अक्षर कोणतं? खिरापत वाटून झाली की पोरी पुढच्या घरी. कोजागिरीला ज्वारीच्या धांड्यांचं मखर उभं राहतं आणि त्या रात्री खिरापतीचे प्रकार मोजता मोजवत नाहीत. यातला सगळ्यात महत्त्वाचा नियम बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही: गाणी पूर्ण म्हटल्याशिवाय डबा समोर येत नाही.

हा नियम मी ठासून सांगते, कारण मोबाईलवाल्या जगाने समोरासमोरच्या गाण्याकडे माणसं ओढायला जे खेळ रचले, त्यांतले बरेच नेमके इथेच अडखळले.

मार्च २००९ मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात 'साउथ बाय साउथवेस्ट' महोत्सव भरला होता. एकाच रात्री गावभर ठिकठिकाणी बँड वाजत असतात, आणि आपले मित्र कुठे ऐकत बसलेत हेच कळत नाही. डेनिस क्रॉली आणि भारतीय वंशाचा नवीन सेल्वादुराई यांनी त्याच गर्दीत 'फोरस्क्वेअर' हे ॲप आणलं. जिथे पोचाल तिथे 'चेक-इन' करायचं. ठरावीक हजेऱ्या झाल्या की बिल्ला मिळायचा, आणि एखाद्या जागी सर्वाधिक वेळा जाणारा तिथला 'मेयर' व्हायचा. नावसुद्धा शाळेच्या मैदानावरच्या एका चेंडूच्या खेळावरून घेतलेलं. क्रॉलीची आधीची 'डॉजबॉल' ही अशीच सेवा गूगलने २००५ मध्ये विकत घेतली आणि २००९ मध्ये बंद केली, तरी तो पुन्हा याच कल्पनेकडे वळला. चिकाटी मोठीच. पण तो बिल्ला मिळवायला गाणं ऐकावं लागत नव्हतं. दारात उभं राहून बटण दाबलं की काम झालं. फोरस्क्वेअरचं शहरातली ठिकाणं सुचवणारं ॲप १५ डिसेंबर २०२४ रोजी बंद झालं.

याच्या उलट किस्सा 'नाइन इंच नेल्स' या बँडचा. २००७ च्या युरोप दौऱ्यात लिस्बनच्या कार्यक्रमाच्या वेळी स्वच्छतागृहात एक पेन ड्राइव्ह सापडला. आत प्रसिद्ध न झालेलं गाणं. तो हरवलेला नव्हता, मुद्दाम ठेवलेला होता. दौऱ्याच्या टी-शर्टवरची ठळक अक्षरं जोडली की एका संकेतस्थळाचं नाव निघत होतं. शेवटी लॉस एंजेलिसमध्ये काही चाहत्यांच्या हाती मोबाईल दिले गेले आणि त्यावर बोलावणं आलं. ठरल्या जागेवरून त्यांना गुप्त ठिकाणी नेलं. तिथे ट्रेंट रेझ्नर आणि त्याचा बँड प्रत्यक्ष वाजवायला उभा! मध्येच पोलिसी वेशातल्या नटांनी 'छापा' घालून कार्यक्रम उधळला, तोही खेळाचाच भाग. इथे शोधणाऱ्याला मिळालेली खिरापत म्हणजे गाणंच होतं. म्हणून ती मंडळी अजून त्याच्या आठवणी काढतात.

आपल्याकडे नकाशा आणि नाद एकत्र आले ते वारीत. २०११ मध्ये 'फेसबुक दिंडी' सुरू झाली आणि घरात बसलेल्यांना पालखी कुठवर आली ते फोनवर दिसू लागलं. आमच्या जिल्ह्यात शेगावच्या गजानन महाराजांची पालखी पंढरपुराहून परतते, तेव्हा खामगाव ते शेगाव या शेवटच्या टप्प्यात लाखभर पावलं सोबत चालतात. टाळ-मृदंगाचा एवढा मोठा मेळा जिल्ह्यात क्वचितच ऐकायला मिळतो. "पालखी कुठं आली?" हे पूर्वी येणाऱ्या एसटीच्या चालकाला विचारायचे, आता व्हॉट्सॲपवर कोणाचं तरी 'लाइव्ह लोकेशन' फिरतं. चहाचं पातेलं कधी चढवायचं, रांगोळीला कधी बसायचं, सगळं त्या निळ्या ठिपक्यावर ठरतं. ठिपका पाहून लोक घरात बसत नाहीत, रस्त्यावर येतात. मला त्यात आनंद वाटतो.

भुलाबाईला मात्र ओसरी मिळेनाशी झाली आहे. फ्लॅटमध्ये कोणाच्या दारी जायचं हेच पोरींना ठाऊक नसतं. शेजारच्या जळगावात भुलाबाई महोत्सव भरतो, मंचावर स्पर्धा होते. ते चांगलंच आहे, पण मंचावर डबा वाजत नाही. घरोघरचा फेरा टिकवायचा तर फोन कामाला लावावा. आयांच्या बंदिस्त गटात आजचं घर नकाशावर टाकावं. दुपारी खिरापतीचं एकच कोडं गटात टाकावं, उरलेली सगळी कोडी गाणी झाल्यावर. ज्या आजींच्या वहीत जुनी गाणी आहेत, त्यांच्या घराला पहिला मान द्यावा. मुलींचं चालतं ठिकाण आणि त्यांचे चेहरे उघड्या पानावर कधीही टाकू नयेत. खूण घराची असावी, मुलीची नाही, आणि ती गटाबाहेर जाऊ नये.

मेहकर, चिखली, खामगाव, मलकापूर, कुठेही राहत असाल, येत्या भाद्रपद पौर्णिमेला आपल्या इमारतीतली पाच घरं ठरवा, आणि गाणी संपेपर्यंत डबा उघडू नका.