पाठीवरचा डबा सोडू नका

कोरेगाव भीमात सकाळी नगर रस्त्याला उभं राहिलं, की सणसवाडीच्या कंपन्यांच्या बसमधून वाट काढत इंग्रजी शाळांच्या पिवळ्या गाड्या जाताना दिसतात. आत चार-पाच वर्षांची मुलं. कुणाच्या घरी मराठी, कुणाच्या घरी भोजपुरी. "लहानपणापासून कानावर पडलं की इंग्रजी येतंच," असं पालक ठामपणे सांगतात. हे म्हणणं अगदीच खोटं नाही. कॅनडातल्या एका शाळेनं ते करून दाखवलं आहे, फक्त तिची निम्मीच गोष्ट आपल्यापर्यंत पोचली.

मॉन्ट्रियलजवळचं सेंट लँबर्ट. क्युबेक प्रांत फ्रेंच भाषकांचा, पण इथली बरीच कुटुंबं इंग्रजी बोलणारी. मुलं वर्षानुवर्षं तासाला फ्रेंच शिकत, तरी त्यांना फ्रेंच शेजाऱ्याशी धड बोलता येत नसे. १९६३ मध्ये काही पालक एकत्र आले. ओल्गा मेलिकॉफ, म्युरिएल पार्क्स आणि व्हॅलेरी नील या तिघी त्यात पुढं होत्या. शाळा मंडळ राजी नव्हतं, पण त्या मागं हटल्या नाहीत. १९६५ मध्ये २६ मुलांचा बालवर्ग सुरू झाला, सगळा फ्रेंचमधून. इंग्रजी वाचन-लेखन आलं ते दुसरीत. मॅकगिल विद्यापीठाच्या वॉलेस लँबर्ट आणि रिचर्ड टकर यांनी ही मुलं वर्षानुवर्षं तपासली आणि १९७२ मध्ये निष्कर्ष छापले. मुलांचं फ्रेंच नुसत्या तासांवर शिकणाऱ्यांपेक्षा कितीतरी पुढं होतं, आणि इंग्रजी वा गणितात ती मागं पडली नव्हती.

आता उरलेली निम्मी गोष्ट. बालवर्गातलं मूल इंग्रजीत काही म्हणालं, तर बाईंना ते कळायचं. त्या उत्तर फ्रेंचमध्ये द्यायच्या, पण मुलाला गप्प करत नसत. घरच्या भाषेला समाजात मान होता, ती कुणी काढून घेणार नव्हतं. अशा शिक्षणात एका भाषेत दुसरीची भर पडते. घरची भाषा हिरावली गेली, तर मात्र वजाबाकी होते. हा फरक लँबर्ट यांनीच मांडला.

आपल्याकडं पोराला विहिरीत पोहायला शिकवताना पाठीला रिकामा डबा बांधतात. घरची भाषा म्हणजे तो डबा. मी पाहिलेल्या एका वर्गात पाणी प्यायला जायचं, तर आधी इंग्रजी वाक्य म्हणावं लागे. एक मुलगी ते आठवत उभीच राहिली आणि शेवटी तशीच तहानलेली खाली बसली. तिचा डबा सोडूनच तिला विहिरीत ढकललं होतं. मराठी शाळेत येणाऱ्या परप्रांतीय मजुरांच्या लेकरांचाही डबा असा सोडता कामा नये.

म्हणून प्रवेश घेताना फी, गाडी, गणवेश यांच्याआधी एक गोष्ट विचारा: आमचं पोर सुरुवातीला आमच्या भाषेत बोललं, तर बाईंना ते कळेल का, आणि चालेल का?