न्हाणीघरातील जेली

गतवर्षी मे महिन्यात, इंदूरच्या ऐन उकाड्यात, लेकीच्या हट्टाखातर जेलीसारखा थरथरणारा अंगाचा साबण प्रथम केला, तो जिलेटिनचा. शीतकपाटाबाहेर काढताच तासाभरात त्याचे पाणी झाले! जिलेटिन सुमारे ३५ अंशांस वितळते. शिवाय ते प्राण्यांच्या हाडाकातड्यांपासून निघते, हे सासूबाईंना कळताच भांडेही घासून घ्यावे लागले.

मग चायना ग्रास आठवले. समुद्रशेवाळापासून होणारा हा पदार्थ एकदा गोठला की उन्हाळ्याला दाद देत नाही. २०० मिलिलिटर पाण्यात त्याची ५ ग्रॅम पूड दोन-तीन मिनिटे उकळावी. पुरती विरघळली की कोमट केलेला १०० मिलिलिटर द्रवसाबण हलक्या हाताने मिसळावा. साबण थंड असल्यास गुठळ्या होतात, घुसळल्यास फेस अडकतो. वाट्यांत ओतून गोठू द्यावे. न्हाताना तुकडा ओल्या पंचावर चोळावा. नुसत्या हातातून तो मासोळीसारखा निसटतो. पाण्याच्या अंशामुळे बुरशी लवकर धरते, म्हणून शीतकपाटात ठेवून आठवड्यात संपवावा.

मात्र डब्यावर ठळक चिठ्ठी हवीच. आमच्या धाकट्याने खाऊची जेली समजून घास घेतला होता! लगेच थुंकला, चुळा भरल्या, म्हणून निभावले. तेव्हापासून त्यात तांबडा रंग घालणे मी सोडले आहे.