बहुवारिकाचे रूप आणि विद्युत्संचय

विद्युद्वाहक बहुवारिकांच्या शोधाबद्दल हीगर, मॅक्डायर्मिड व शिराकावा यांना २००० साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या वर्गातील पॉलिॲनिलीन हे सुपरकपॅसिटरच्या, म्हणजेच अतिधारित्राच्या, विद्युदग्रांसाठी विशेष अभ्यासिले गेले आहे. त्यात विद्युत्भार केवळ पृष्ठभागावर न राहता ऑक्सिडीकरण-क्षपणाच्या योगे अंतर्भागातही साठतो. मात्र त्यासाठी द्रावणातील आयनांना आत शिरावे लागते. रूपाचा प्रश्न उद्भवतो तो येथेच.

विसरणाचा काळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. अंतर ३०० नॅनोमीटरवरून ३० वर आणल्यास तो १०० पटींनी घटतो. तंतूचा विशेष असा की, इलेक्ट्रॉन त्याच्या लांबीतून वाहतात, तर आयनांना केवळ जाडी ओलांडावी लागते.

हुआंग व केनर यांनी २००४ साली वर्णिलेल्या रीतीत ॲनिलीन सेंद्रिय द्रावकात व ऑक्सिडीकारक अम्लयुक्त जलात असतो. दोहोंच्या सीमेवर तंतू जन्मतात व पाण्यात उतरतात; त्यामुळे त्यांवर थर चढून ओबडधोबड कण बनत नाहीत.

तथापि रूपाने संचयशक्ती निर्माण होत नाही. असलेली शक्ती वेळेत उपलब्ध होते, इतकेच. म्हणून तंतूचा लाभ मंद भारणापेक्षा जलद भारणात अधिक प्रकट होतो. शिवाय सैल तंतुजालात पोकळी फार असल्याने दर ग्रॅमची धारिता मोठी असूनही दर घन सेंटीमीटरची लहान ठरू शकते. सबब भारणाचा वेग, वस्तुमान व घनफळ पाहिल्यावाचून दोन पदार्थांची तुलना करणे युक्त नव्हे.