शाळेबाहेरचा अभ्यासक्रम : ‘निवेदन’ आणि ‘बहुरूपिया शहर’

अनौपचारिक शिक्षण या संज्ञेने सामान्यतः इतर कोणीतरी शिकणाऱ्यासाठी आखलेली, शाळेला पूरक वा पर्यायी अशी योजना सूचित होते. शिकणाऱ्याने आपले शिक्षण स्वतःच आखणे ही त्याहून निराळी गोष्ट होय. काय शिकायचे, कोणाकडून, कोणत्या क्रमाने आणि ते आले की नाही हे कसे ठरवायचे, हे चारही निर्णय येथे त्याचे असतात. या प्रक्रियेचे स्वरूप धर्मानंद कोसंबी यांचे मराठी आत्मकथन ‘निवेदन’ (१९२४) आणि दिल्लीतील तरुण लेखकांचे हिंदी संकलन ‘बहुरूपिया शहर’ (२००७) यांच्या तुलनेतून स्पष्ट होते.

गोव्यातील साखवाळ येथे १८७६ मध्ये जन्मलेल्या कोसंबींचे शालेय शिक्षण तुटपुंजे होते. बौद्ध धर्माचे ज्ञान मिळवायचे, हे ध्येय मात्र आधीच निश्चित झाले होते. १८९९ मध्ये पत्नी व तान्ही मुलगी यांना मागे ठेवून ते बाहेर पडले. प्रत्येक टप्प्यावर जाणवलेली उणीव पुढचा विषय ठरवीत गेली. संस्कृतासाठी ते पुण्याहून काशीला गेले व तेथे अन्नछत्रात जेवून शिकले. बौद्ध परंपरेच्या शोधात नेपाळ व बुद्धगया पाहून झाल्यावर पालीसाठी त्यांनी १९०२ मध्ये कोलंबोचे विद्योदय विद्यालय गाठले. विद्यापीठाची पदवी नसतानाही पुढे कलकत्त्यात व पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पाली शिकविली, तर हार्वर्ड येथे ‘विसुद्धिमग्ग’च्या संपादनाचे काम केले.

‘बहुरूपिया शहर’ची वाट याच्या उलट दिशेने जाते. ‘अंकुर’ ही संस्था आणि विकासशील समाज अध्ययन पीठाचा ‘सराय’ उपक्रम यांनी २००१ मध्ये दिल्लीच्या एलएनजेपी वसाहतीत ‘सायबरमोहल्ला’ सुरू केला. पुढे दक्षिणपुरी व यमुनाकाठची नांगला माची येथेही अशा खोल्या उघडल्या. तेथे जमणाऱ्या अनेक मुलामुलींची शाळा सुटलेली होती. येथे ध्येय आधी ठरलेले नव्हते. गल्लीत जे पाहिले-ऐकले ते लिहायचे, सोबत्यांना वाचून दाखवायचे, त्यांच्या प्रश्नांनंतर पुन्हा लिहायचे, हीच अभ्यासाची रीत होती. ऐकणारा सोबती हाच परीक्षक होता. २००६ मध्ये नांगला माची पाडण्यात आली, तेव्हा या लेखकांना आपल्या वस्तीचा अंत नोंदविता आला, तो या सरावामुळेच.

कोसंबींचा अभ्यासक्रम एकाकी व ध्येयनिष्ठ आहे, तर दिल्लीतील तरुणांचा सामूहिक व निरीक्षणनिष्ठ. परिणामी एकात प्रवासाचा सलग कालक्रम आढळतो, तर दुसऱ्यात अनेक आवाजांचे तुकडे. अभ्यासाची रीत कथनाच्या घाटात उतरते, हे तौलनिक अभ्यासाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. मात्र दोहोंतही ‘शाळेबाहेर’ म्हणजे ‘संस्थेबाहेर’ नव्हे. विद्योदयाविना कोसंबींची पाली नाही. वस्तीतील खोलीविना ‘बहुरूपिया शहर’ नाही. स्वरचित शिक्षणाला कोणाचा तरी आसरा लागतोच आणि त्याची किंमतही कोणाला तरी मोजावी लागते. कोसंबींच्या बाबतीत ती घरच्यांनी मोजली.

आजची व्यवस्था या शिक्षणाकडे कशी पाहते, हा प्रश्न येथून उपस्थित होतो. १ एप्रिल २०१० रोजी अंमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्याने ६ ते १४ वयाच्या बालकांचा हक्क शाळेशी जोडला. दिल्लीलगत नोएडात मुख्यालय असलेली राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था शाळेत न जाणाऱ्यांनाही परीक्षेला बसू देते व प्रमाणपत्र देते. ही सोय मोलाची खरी. परंतु परीक्षा मापते ते नेमलेल्या विषयांचे ज्ञान. पुढचा विषय स्वतः शोधण्याची कोसंबींची क्षमता किंवा पाडल्या जाणाऱ्या वस्तीकडे पाहण्याची या तरुणांची दृष्टी तिच्या कक्षेत येत नाही. तिची नोंद साहित्यातच उरते. म्हणूनच हे दोन ग्रंथ साहित्यकृतींबरोबरच शिक्षणाचे दस्तऐवज म्हणूनही वाचले जाणे अगत्याचे ठरते.